प्रेशर कुकरमध्ये स्मदर्ड टर्की: कुकरला त्याचेच काम द्यावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अटलांटात एका सहकाऱ्याच्या घरी आपण सोल फूड, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या पारंपरिक जेवणाच्या, पद्धतीचे स्मदर्ड टर्की विंग्ज, म्हणजे टर्कीचे पंख, खाल्लेत. मांस हाडापासून अलगद सुटत होते आणि त्यावर कांद्याची दाट, तपकिरी ग्रेव्ही होती. त्यांनी ते ओव्हनमध्ये अडीच तास ठेवले होते. आपल्याकडे तेवढा वेळ नसल्यामुळे आपण भारतातून नेलेल्या शिट्टीच्या कुकरमध्ये मैद्यात घोळवलेले पंख, कांदा आणि ग्रेव्ही असे सगळे एकत्र घालून दोनदा करून पाहिलेत. पहिल्यांदा ग्रेव्ही बुडाला लागली. दुसऱ्यांदा पाणी वाढवलेत तेव्हा मांस शिजले, पण कातडी फिकट आणि रबरासारखी राहिली, रस्सा पाणचट झाला. हा पदार्थ कुकरमध्ये होतो तरी का, असे आपण विचारले आहे.

होतो, आणि चांगला होतो. याच शहरात एका केटरिंगच्या स्वयंपाकघरात मी सतरा वर्षे काम केले आहे आणि रविवारच्या जेवणासाठी हा पदार्थ ओव्हनमध्ये, गॅसवर आणि कुकरमध्ये, तिन्ही प्रकारे इतक्या वेळा केला आहे की त्यात काय काय बिघडू शकते याची मला पुरेशी ओळख झाली आहे. आपली चूक कुकर वापरण्यात नाही. कुकरला तीन कामे एकदम सांगण्यात आहे. स्मदर्ड मांसात आधी वरून खरपूस भाजणे, मग चिवट मांस मऊ करणे आणि शेवटी ते दाट ग्रेव्हीत मुरवणे अशी तीन कामे असतात. यातले फक्त मधले काम कुकर करतो, आणि ते ओव्हनपेक्षा कितीतरी लवकर करतो. पहिले आणि तिसरे काम त्याच्याकडून होत नाही, ते बाहेरच करावे लागते. हे एकदा मान्य केले की बाकी सगळे सोपे आहे.

पाककृतीकडे वळण्यापूर्वी नावाविषयी थोडे सांगतो, कारण पद्धत नावातच आहे. इंग्रजीतील स्मदर म्हणजे गुदमरवणे, एखादी गोष्ट पूर्ण झाकून टाकणे. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात याच अर्थाचा एतुफे हा फ्रेंच शब्द चालतो. आपल्याकडे बिर्याणीला दम देतात त्यातला दम याच कल्पनेच्या जवळचा आहे, फरक एवढाच की दमात भांड्याचे तोंड बंद करून वाफ कोंडतात आणि स्मदरमध्ये मांस कांद्याच्या आणि पिठाच्या ग्रेव्हीखाली गाडले जाते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कुटुंबांनी ही पद्धत कोंबडी, डुकराच्या चापा, ससा, यकृत अशा अनेक गोष्टींसाठी वापरली. गुलामगिरीच्या काळात आणि नंतरच्या गरिबीत वाट्याला येणारे मांस बहुधा चिवट आणि हाडकांचे असे. ते मऊ करायचे आणि थोड्या मांसात भाताचे किंवा मक्याच्या पिठाचे पुष्कळ जेवण भागवायचे, ही दोन्ही कामे ग्रेव्ही करत असे. सुमारे 1916 ते 1970 या काळात साठेक लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क अशा शहरांत गेले, तेव्हा हे जेवण त्यांच्याबरोबर गेले, आणि 1960च्या दशकात त्याला सोल फूड हे नाव रूढ झाले. टर्कीचे पंख आणि माना या जेवणात मोठ्या प्रमाणावर आल्या त्या काही अंशी डुकराच्या मांसाला पर्याय म्हणून. कुणाला आरोग्यासाठी, कुणाला धर्मासाठी डुक्कर सोडायचे होते, आणि भाजीत घालायच्या डुकराच्या धुरावलेल्या घोट्याच्या जागी धुरावलेली टर्की चांगली बसली.

पंखच का, हेही समजून घेतले पाहिजे. टर्कीच्या पंखात सांधे, शिरा आणि कातडी भरपूर असते, म्हणजेच कोलॅजन भरपूर असते. हे कोलॅजन सत्तर अंश सेल्सिअसच्या पुढे, पाण्याच्या सान्निध्यात आणि वेळ मिळाला तर जिलेटिन होते, आणि तेच ग्रेव्हीला ओठांना किंचित चिकटणारा गुण देते. ओव्हनमध्ये झाकलेल्या भांड्यात मांस शंभर अंशांच्या आतबाहेर असते म्हणून दोन-अडीच तास लागतात. शिट्टीच्या कुकरात आतले तापमान सुमारे 120 अंशांपर्यंत जाते, म्हणून तेच काम अर्ध्या तासात होते. विजेच्या कुकरात दाब थोडा कमी असतो, तापमान 115 ते 117 अंशांच्या आसपास राहते, म्हणून त्यात पाच-सहा मिनिटे जास्त धरावीत. छातीचे मांस मात्र या कामाला घेऊ नये. त्यात कोलॅजन जवळजवळ नसते, आणि कुकरच्या तापमानाला ते लाकडाच्या भुशासारखे कोरडे होते. मांडी आणि मान चालते. तंगडी चालते, पण टर्कीच्या तंगडीत दाभणासारख्या कडक झालेल्या शिरा असतात, त्या शिजल्यावर ओढून काढाव्या लागतात आणि लहान मुलांच्या ताटात त्या जाऊ नयेत याकडे लक्ष द्यावे लागते.

चार पंख घ्यावेत, एकूण पावणेदोन किलोच्या आसपास. प्रत्येक पंखाचे सांध्यावर सुरी घालून तीन भाग होतात: खांद्याकडचा जाड भाग, मधला दोन हाडांचा चपटा भाग आणि टोक. सुरी हाडावर अडखळली तर जागा चुकली आहे असे समजून थोडी सरकवावी; नेमक्या सांध्यात ती विनासायास जाते. टोकांत मांस नसते म्हणून ती बरेच जण फेकून देतात. ती ठेवा, पुढे त्यांचा उपयोग आहे. पाकिटावरची बारीक अक्षरेही वाचा, कारण अमेरिकेत बऱ्याचशा टर्कीत आधीच मिठाचे पाणी टोचलेले असते आणि तसे लिहिलेले असते. तसे असेल तर मी खाली सांगतो त्याच्या निम्मेच मीठ लावा.

पंख धुवावेत की नाही, हा इथल्या प्रत्येक स्वयंपाकघरात वाद असतो. कृष्णवर्णीय घरांत लिंबू किंवा व्हिनेगरच्या पाण्याने कोंबडी धुण्याची रीत घट्ट रुजलेली आहे, आणि आपल्याकडेही मटण-कोंबडी न धुता शिजवणे कुणाला पटत नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाचा सल्ला मात्र धुऊ नये असाच आहे, कारण शिंतोड्यांबरोबर जंतू सिंकभर आणि ओट्यावर पसरतात, मांसावरचे मात्र शिजताना मरतातच. धुतल्याशिवाय आपल्याला चैन पडणार नसेल तर नळाखाली न धुता खोल पातेल्यात हलक्या हाताने धुवा आणि नंतर सिंक साबणाने घासून काढा. दोन्ही प्रकारांत पुढची गोष्ट सारखीच आहे: पंख कागदी रुमालाने पूर्ण कोरडे करायचे. ओल्या कातडीला रंग येत नाही. कढईतली सगळी उष्णता आधी पाणी उडवण्यात जाते.

मसाल्यासाठी अडीच चहाचे चमचे मीठ, दोन चमचे पॅप्रिका, दोन चमचे लसणाची पूड, दीड चमचा कांद्याची पूड, एक चमचा मिरपूड, एक चमचा वाळलेला थाइम, अर्धा चमचा सेज (थाइम आणि सेज हे दोन्ही सुगंधी पाले) आणि आवडीप्रमाणे पाव चमचा केयेन मिरची घ्यावी. हे सगळे पंखांना चोळून रात्रभर फ्रिजमध्ये उघडेच ठेवावे. मीठ आत जाते आणि कातडी वाळते, दोन्ही आपल्या फायद्याचे. रात्र नसेल तर तासभर तरी ठेवा. इथे मराठी हात आपोआप आल्याकडे, हळदीकडे आणि गरम मसाल्याकडे जातो, माझाही गेला होता. तसे केले की पदार्थ वाईट होत नाही, पण तो टर्कीचा रस्सा होतो. सोल फूडच्या ग्रेव्हीची चव कांदा, भाजलेले पीठ, मिरपूड आणि सेज यांवर उभी असते, आणि लवंग-दालचिनी पडली की ती पहिल्या घासालाच झाकली जाते.

आता भाजणे. बिडाची किंवा जाड बुडाची कढई चांगली तापवा, दोन मोठे चमचे तेल घाला आणि पंखांचे तीन-चार तुकडेच एका वेळी कातडीची बाजू खाली करून ठेवा. पहिली चार-पाच मिनिटे त्यांना हात लावायचा नाही. तुकडा तयार झाला की बुडापासून आपोआप सुटतो. ओढावा लागत असेल तर अजून वेळ आहे. रंग विटेसारखा लालसर तपकिरी आला पाहिजे, नुसता सोनेरी पुरत नाही, कारण नंतर अर्धा तास वाफेत राहून तो फिका पडतो. हे काम कुकरच्या आत का होत नाही, तर मांसाला असा रंग आणि खरपूस चव साधारण 140 अंशांच्या वर आणि कोरड्या पृष्ठभागावर पटकन येते, आणि कुकरात पाणी असल्यामुळे ते तापमान कधीच गाठले जात नाही. आपल्या दुसऱ्या प्रयत्नातल्या फिकट कातडीचे कारण हेच आहे. किती शिट्ट्या वाढवल्या तरी ती तपकिरी झाली नसती, उलट जास्त लिबलिबीत झाली असती.

जुन्या पद्धतीत पंख मैद्यात घोळवून तळतात आणि तोच मैदा पुढे ग्रेव्ही दाट करतो. ओव्हनसाठी ती पद्धत उत्तम आहे आणि तिच्यात मी काही बदलणार नाही. कुकरसाठी मात्र मैदा लावू नका. दाबाखाली तो मैदा सुटतो, जड असल्यामुळे बुडाशी बसतो, तिथे फुगून खळीसारखा होतो, आणि खळीतून उष्णता वर सरकत नाही म्हणून ती जागच्या जागी करपते. आपल्या पहिल्या प्रयत्नात हेच घडले. विजेच्या कुकरावर बर्न अशी सूचना येते ती बहुतेक वेळा याच कारणाने. करपणे हा त्यातला लहान धोका झाला. पिठाचा फेस वर चढून शिट्टीचे भोक बुजवू शकतो, हा मोठा. मी नवखा असताना एकदा ग्रेव्हीसकट कुकर लावला होता. शिट्टी होईना म्हणून वाट पाहत राहिलो आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह उडून छतापर्यंत कांद्याची ग्रेव्ही गेली. कुणाला इजा झाली नाही. पण आमच्या स्वयंपाकघरातल्या ज्येष्ठ आचारीण बाईंनी, ज्यांना आम्ही सगळे इथल्या रीतीप्रमाणे मिस लावून हाक मारत असू, मला शिडी आणि फडके हातात दिले आणि दिवसभर दुसरे काही करू दिले नाही. तेव्हापासून माझ्या कुकरमध्ये झाकण लागायच्या आधी पीठ, दूध, साय किंवा डब्यातले क्रीम सूप यांपैकी काहीही जात नाही. दूध तर दाबाखाली फाटूही शकते.

पंख भाजून झाले की कढईत तीन-चार मोठे चमचे चरबी आणि बुडाला चिकटलेला तपकिरी थर राहतो. चरबी वाटीत ओतून बाजूला ठेवा, ती ग्रेव्हीला लागेल. त्या थरावर अर्धी वाटी पाणी किंवा कोंबडीचा बिनमिठाचा स्टॉक घालून लाकडी उलथन्याने खरवडून घ्या. सगळी चव तिथेच असते. विजेच्या कुकरच्या भांड्यातच भाजले असेल तर हे खरवडणे सक्तीचे समजावे, कारण एवढासा थर बुडाला राहिला तरी बर्न दिसते.

कुकर भरण्याचाही एक क्रम आहे. तळाशी पंखांची टोके आणि सेलरीचा एक दांडा मोठे तुकडे करून पसरा. हा थर जाळीचे काम करतो, वरचे मांस बुडाला टेकत नाही, आणि टोकांतले जिलेटिन रसात उतरते. त्यावर एका मोठ्या कांद्याच्या जाड फोडी, अर्धी हिरवी ढोबळी मिरची आणि ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या घाला. मग पंख, जाड भाग खाली आणि चपटे वर. शेवटी खरवडलेले पाणी धरून शिट्टीच्या कुकरात दोन कप, म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर, आणि विजेच्या कुकरात दीड कप द्रव घाला. शिट्टीच्या कुकरातून वाफ बाहेर जात राहते, विजेच्या कुकरातून फारशी जात नाही, म्हणून हा फरक. पाणी एवढेसेच कसे पुरेल अशी शंका येईल, पण पंखांचे स्वतःचे पाणी एक कपभर सुटते. आपला दुसरा प्रयत्न पाणचट झाला तो याचा हिशेब न धरल्यामुळे. सगळे मिळून कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. पाच लिटरच्या कुकरात वरचे प्रमाण बसते.

किती शिट्ट्या, हा आपला पुढचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मी मिनिटांत देणार आहे. शिट्ट्यांचा आकडा शेगडी, भांड्याचा आकार आणि आच यांप्रमाणे बदलतो. अर्ध्या तासात एका घरी चार होतात तर दुसऱ्या घरी अकरा. पहिली शिट्टी झाली की आच मंद करा आणि तिथून घड्याळ लावा. पदार्थ पुढे ओव्हनमध्ये जाणार असेल तर अठरा ते वीस मिनिटे, गॅसवरच पूर्ण करायचा असेल तर पंचवीस मिनिटे. विजेच्या कुकरात पूर्ण दाबावर अनुक्रमे पंचवीस आणि तीस. नुसत्या माना असतील तर आणखी दहा-पंधरा मिनिटे लागतात. वेळ झाली की गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढू नका. दाब एकदम उतरला की आतला रस सगळीकडून एकाच वेळी उसळून उकळतो, मांसाचे धागे विस्कटतात, रस बाहेर पडतो, आणि चरबी द्रवात घुसळली जाऊन ग्रेव्ही तेलकट लागते. वीस मिनिटांत झाकण सहज उघडते. तेवढ्या वेळात ग्रेव्हीची तयारी होते, म्हणजे वाट पाहण्यात काही जात नाही.

शिजले की नाही हे चपट्या भागावर पाहावे. त्यात एक जाड आणि एक बारीक अशी दोन हाडे शेजारी शेजारी असतात. बारीक हाड चिमटीत धरून हलकेच फिरवा. ते फिरले पण मांस त्याला धरून राहिले, तर ओव्हनसाठी नेमके झाले आहे. ते सुळकन बाहेर आले तर पुढे ओव्हनमध्ये ठेवू नका, फक्त ग्रेव्हीत गरम करून वाढा. सुरक्षिततेसाठी टर्कीचे आतले तापमान 74 अंश सेल्सिअस, म्हणजे 165 फॅरनहाइट, पुरते. कुकरात ते केव्हाच ओलांडलेले असते, त्यामुळे इथे प्रश्न मऊपणाचाच आहे.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती ग्रेव्ही. बाजूला ठेवलेली चरबी कढईत घाला आणि ती चार मोठे चमचे भरत नसेल तर लोण्याने भरून काढा. दोन मोठे कांदे उभे, बोटाच्या पेराएवढे जाड चिरून त्यात मध्यम आचेवर पंधरा मिनिटे परता, कडा तपकिरी होईपर्यंत. हे कांदे कुकरात का नाही घातले, असे वाटेल. कुकरातला कांदा पूर्ण विरघळतो, रसाला गोडी देतो आणि दिसेनासा होतो. स्मदर्ड मांसावर कांदा दिसला पाहिजे, दाताखाली आला पाहिजे. तो कांदा झाऱ्याने काढून घ्या, चरबी कढईतच राहू द्या, कमी झाली असेल तर पुन्हा लोणी घाला, आणि पाच मोठे चमचे मैदा घालून मंद आचेवर हलवत राहा. हे मिश्रण म्हणजे रू. सुरुवातीला कच्च्या कणकेसारखा वास येतो, पाच मिनिटांनी बिस्किटासारखा, आणि दहा-बारा मिनिटांनी भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास आणि तसाच रंग येतो. ज्यांनी लाडवांसाठी बेसन भाजले आहे त्यांना हा क्षण नाकाने कळतो; त्यांना मी मिनिटे सांगण्याचीही गरज नाही. तिथे थांबा. लुइझियानाच्या गंबोसाठी, म्हणजे तिथल्या दाट रश्शासाठी, रू याहून पुष्कळ काळा करतात, पण जितका काळा तितकी त्याची दाट करण्याची ताकद कमी होते, आणि पंखांच्या ग्रेव्हीला दाटपणा हवा असतो. रूमध्ये काळे ठिपके दिसले तर तो जळला आहे. पुढे काहीही घातले तरी कडवटपणा जात नाही, तो टाकून नवा करावा.

तोवर कुकर उघडला असेल. पंख अलगद काढून ताटात ठेवा, टोके आणि सेलरी फेकून द्या, रस गाळून घ्या आणि दहा मिनिटे उभट भांड्यात स्थिर ठेवा. वर तरंगलेली चरबी चमच्याने काढून टाका. हा टप्पा घाईत गाळला जातो आणि मग ग्रेव्हीवर तेल सुटते, कारण रूमध्ये चरबी आधीच पुरेशी आहे. गाळण्यात राहिलेला मऊ कांदा मात्र दाबून रसात उतरवा. हा रस अडीच ते तीन कप भरला पाहिजे. कमी असेल तर स्टॉक घाला, जास्त असेल तर थोडा आटवा. आता कढईतल्या रूवर तो पळीपळीने घाला आणि प्रत्येक पळीनंतर पूर्ण मिळून येईपर्यंत घोटा. पहिल्या पळीला ते घट्ट गोळ्यासारखे होईल, घाबरू नका. चौथ्या-पाचव्या पळीला सरसरीत होते. घाईने सगळा रस एकदम ओतला की गुठळ्या होतात आणि त्या घोटून मोडत नाहीत, गाळाव्याच लागतात. परतलेला कांदा परत घाला आणि आठ-दहा मिनिटे मंद उकळू द्या, म्हणजे पिठाचा कच्चटपणा पूर्ण जातो. मीठ आता, शेवटी चाखून घाला. ग्रेव्ही पळीच्या पाठीला पातळ थर धरील इतपतच दाट ठेवा. निवताना ती आणखी दाटते, आणि पंखांच्या जिलेटिनमुळे आपल्या अंदाजापेक्षा जास्तच दाटते. रंग कमी वाटला म्हणून इथे बाटलीतला तपकिरी सॉस घालतात. त्याने रंग येतो, चव येत नाही. रू नीट भाजला असेल तर त्याची गरज पडत नाही.

शेवटचे काम स्मदरचे. पसरट भांड्यात पंख कातडी वर करून एका थरात मांडा आणि ग्रेव्ही त्यांच्या तीन चतुर्थांश उंचीपर्यंत ओता, पाठी उघड्या राहू द्या. ओव्हन 200 अंशांवर, म्हणजे 400 फॅरनहाइटवर, तापवून भांडे न झाकता वीस-पंचवीस मिनिटे ठेवा. मध्ये दोनदा ग्रेव्ही चमच्याने पंखांवर सोडा. कुकरात मऊ पडलेली कातडी इथे आवळते आणि तिच्यावर ग्रेव्हीचा चकचकीत थर बसतो. भांड्याच्या कडेला ग्रेव्ही वाळून जी तपकिरी पापडी धरते तिच्यासाठी आमच्या स्वयंपाकघरात भांडणे होत. ओव्हन नसेल तर पंख कढईतच ग्रेव्हीत घालून झाकण ठेवून अगदी मंद आचेवर दहा-बारा मिनिटे मुरू द्या. चव जवळजवळ तीच येते, कातडी मात्र मऊच राहते, हे आधी सांगून ठेवतो. एकूण हिशेब करता अडीच तासांचे काम सुमारे पावणेदोन तासांत होते, आणि त्यातही हाताने करायचे काम तासाभराचेच असते. कुकर लावून अर्ध्या तासात जेवायला बसता येईल असे जे सांगतात, ते भाजणे किंवा ग्रेव्ही यांपैकी एक गोष्ट सोडत असतात.

याच्याबरोबर लांब दाण्याचा, मोकळा, साधा पांढरा भात करावा. ग्रेव्हीसाठी तोच योग्य. बासमती चालतो, पण त्याचा सुगंध सेजशी थोडा भांडतो, असे माझे मत आहे. शेजारी कॉलर्ड या कोबीच्या जातीतल्या पानांची भाजी आणि मक्याचा कॉर्नब्रेड असला की इथले लोक जेवण पूर्ण मानतात. चवळी तर आपल्या ओळखीचीच आहे. ती मूळची आफ्रिकेतली, गुलामांच्या जहाजांबरोबर या किनाऱ्याला आली आणि आज इथे नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तिच्याशिवाय पान वाढत नाहीत. रविवारच्या पाहुण्यांसाठी करायचे असेल तर शनिवारी शिजवून ठेवा. रात्रभरात मीठ समान होते आणि चरबी वर गोठते, ती सहज उचलता येते. फक्त मोठ्या पातेल्यात तसेच निवत ठेवू नका. उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे. तिथे ते तीन-चार दिवस टिकते. सकाळी ग्रेव्ही खरवसासारखी थलथलीत दिसली तर ती बिघडलेली नाही, ते जिलेटिन आहे. गरम करताना दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर ठेवा.

आपण शेवटी एक ओळ लिहिली आहे की सुटीत पुण्याला गेल्यावर आईला हे करून वाढायचे आहे, आणि तिथे टर्की सहजी मिळणार नाही. त्यासाठी ब्रॉयलर कोंबडी घेऊ नका, ती सात-आठ मिनिटांतच विरघळते आणि ग्रेव्हीला अंग येत नाही. मोठा गावठी कोंबडा घ्या, मांड्या, पंख, मान आणि पाय घ्या, छाती दुसऱ्या कशाला तरी वापरा. पायांची नखे काढून, सोलून, टोकांच्या जागी तळाशी घाला. पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर वीस मिनिटे ठेवा आणि मग मांडीच्या हाडाशी सुरीचे टोक घालून पाहा. कोंबड्याच्या वयाप्रमाणे आणखी पाच-दहा मिनिटे लागू शकतात. सेज मिळाले नाही तर थाइमवर भागवा, त्याच्या जागी ओवा किंवा कसुरी मेथी घालू नका.